लांकडाचा सिरका व धुराचें तेल : शेतीस उपयोग किती, धोका किती

कापसाचा शेवटचा वेचा उरकला कीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीचें काय करावें हा प्रश्न उभा राहतो. जिल्ह्यांत चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन कपाशीखालीं असते. हेक्टरीं दोन टन वाळलेली पऱ्हाटी धरली तरी आठ लाख टन माल होतो, आणि हा आंकडा हात राखूनच धरला आहे. त्यांतली कांहीं चुलीस लागते, कांहीं कुंपणास, व उरलेली धुऱ्यावर रचून ठेवली जाते किंवा जागच्या जागीं पेटवून दिली जाते. ही पऱ्हाटी बंद भट्टींत भाजून तिचा कोळसा करावा, आणि भाजतांना निघणारा धूर निववून जो अर्क मिळतो तो पिकावर फवारावा, असा उपदेश करणारे लोक आतां बाजाराच्या दिवशीं भेटूं लागले आहेत. तो अर्क बाटल्यांत भरून विकणारेही आहेत. त्यास कोणी लांकडाचा सिरका म्हणतात, कोणी धुराचें पाणी म्हणतात, शिकलेले लोक 'वुड व्हिनेगर' म्हणतात. या सगळ्या क्रियेस शास्त्रांत पायरॉलिसिस असें नांव आहे.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. पंचनामे, पैसेवारी व नुकसानीचीं पत्रकें लिहितां लिहितां एक संवय जडते, ती ही कीं, कोणतीही वस्तु गुणाची म्हणून पुढें आली म्हणजे तिच्या जमेचा व खर्चाचा असे दोन्ही रकाने भरल्यावांचून खालीं सही करूं नये. या लेखांत तेवढेंच करावयाचें आहे.

ही चौकशी आपल्याच जिल्ह्यानें अधिक बारकाईनें कां करावी, याचें कारण वाचकांस ठाऊक आहे. सन २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर विषारी औषधें फवारतांना या एका जिल्ह्यांत वीसहून अधिक माणसें दगावलीं, व शेंकडों लोकांस विषबाधा होऊन रुग्णालयांत दाखल व्हावें लागलें. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रोज नवे रोगी येत होते. शासनानें पुढें विशेष तपास पथक नेमलें. त्या सालीं कपाशी माणसाच्या उंचीस लागलेली व दाट होती. हवा दमट होती. फवारा खालीं न जातां तोंडाच्या उंचीवर उडत होता. दोन-तीन औषधें व वर वाढीचें टॉनिक एकाच पंपांत कालवलेलें असे. आणि फवारणाऱ्याच्या अंगावर एक सदरा व नाकास फार तर एक उपरणें. मेलेल्यांत स्वतःचें शेत फवारणारे होते, तसे रोजानें दुसऱ्याचें शेत फवारणारे मजूरही होते.

त्यानंतर 'रासायनिक नको, वनस्पतीचें द्या' अशी मागणी वाढली. ती रास्तच होती. परंतु वनस्पतीचें तें निर्धोक, हें जें तिच्या पाठोपाठ येणारें अनुमान, तें खरें नव्हे. तंबाखू ही वनस्पतीच आहे. तिच्यांतलें निकोटीन पूर्वीं देशोदेशीं कीटकनाशक म्हणून फवारीत असत, आणि तें इतकें जहाल कीं नुसत्या कातडींतून शरीरांत शिरतें. धोतरा, कण्हेर व गुंज यांस कोणी कारखान्यांत करीत नाहीं. आणि बिब्याविषयीं तर या जिल्ह्यांतल्या माणसास सांगावयासच नको. ज्याच्या अंगावर एकदां बिबा उतला आहे, त्यास 'झाडाचें आहे म्हणून सौम्य आहे' हें पटवून देणें कठीण.

बिब्याचें नांव निघालें तें बरेंच झालें, कारण पायरॉलिसिस समजून घेण्यास पाताळयंत्रासारखें दुसरें साधन नाहीं, आणि तें आपल्या वैद्यांस शेंकडों वर्षें परिचित आहे. खड्डा खणून त्यांत रिकामें मडकें ठेवावें. त्याच्या तोंडावर, बुडास बारीक भोंकें पाडलेलें व मालानें भरलेलें दुसरें मडकें बसवावें. सांधे चिकणमातीनें लिंपून घ्यावे, खड्डा बुजवावा, आणि वरच्या मडक्याच्या भोंवतीं व डोक्यावर गोवऱ्या पेटवाव्या. वर आंच, खालीं गारवा, आणि मडक्यांत हवेस वाव नाहीं. आंतला माल जळूं शकत नाहीं. तो नुसता भाजतो, आणि त्याचें तेल खालच्या मडक्यांत गळतें. बिब्याचें तेल असें काढतात. नारळाच्या करवंटीचेंही असेंच काढून गजकर्णास लावतात. मात्र या दोहोंत एक भेद आहे व तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बिब्याचें तेल फळांत आधींपासूनच असतें. आंचेनें तें केवळ पाझरतें. करवंटी फोडून, कुटून, पिळून पाहिली तरी तिच्यांत तें काळें तेल सांपडणार नाहीं. तें आंचेनें जन्मास येतें. करवंटीचा जो कठीण भाग, तो तुटून त्याचे नवे पदार्थ बनतात. खरी पायरॉलिसिस ती हीच. आणि म्हणूनच करवंटी निरुपद्रवी आहे एवढ्यावरून तिचें तेल निरुपद्रवी असलें पाहिजे, असें म्हणतां येत नाहीं.

लांकडाची गोष्ट अशीच. हवा तोडून तें तापविलें म्हणजे शंभर अंश सेल्सिअसपर्यंत नुसती ओल निघते. दोनशें अंशांच्या पुढें त्याचे घटक क्रमाक्रमानें मोडूं लागतात. अर्धसेल्युलोज हा त्यांतला सर्वांत नाजूक. तो पहिल्यानें मोडतो व त्यापासून सिरक्याचें आम्ल, म्हणजे ॲसेटिक आम्ल, पुष्कळ निघतें. तीनशेंच्या वर सेल्युलोज मोडतें. लिग्निन, ज्यामुळें लांकडास कठीणपणा येतो, तें सावकाश व शेवटपर्यंत मोडत राहतें, आणि त्याच्यापासून फिनॉल जातीचे पदार्थ व डांबर तयार होतें. पांचशें अंशांच्या सुमारास काम आटोपतें व मागें कोळसा राहतो. जो धूर निघतो त्यांतला कांहीं भाग थंड केला असतां पातळ होतो. उरलेला वायुरूपच राहतो व त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु असतो. बंद गोठ्यांत किंवा घरालगतच्या खोलींत अशी भट्टी कोणी कधींही लावूं नये, हें येथेंच सांगून ठेवतों.

धुरापासून मिळालेला पातळ माल बरणींत तीन महिने न हालवितां ठेवला तर त्याचे तीन थर होतात. वर हलक्या तेलाची पातळ साय. खालीं काळें, घट्ट डांबर. आणि मधें पिंवळसर ते तांबूस, पारदर्शक असा अर्क. लांकडाचा सिरका म्हणतात तो हा मधला थर. त्यांत शेंकडा ऐंशी ते नव्वद पाणीच असतें. उरलेल्यांत ॲसेटिक आम्ल हें मुख्य, त्याखेरीज मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइड, निरनिराळीं फिनॉलें असे मिळून दोनशेंहून अधिक पदार्थ ओळखले गेले आहेत. विकणारा जें एक नांव सांगतो त्याच्या पोटांत एवढा परिवार आहे.

ही विद्या नवी नाहीं. जर्मन रसायनज्ञ ग्लाउबर यानें सतराव्या शतकांतच लांकडाच्या धुरापासून मिळणाऱ्या आम्लाविषयीं लिहून ठेवलें होतें. रायशेनबाख यानें १८३२ सालीं बीच नांवाच्या झाडाच्या डांबरांतून क्रिओसोट वेगळें केलें. आपल्या देशांत या धंद्याचें मोठें उदाहरण म्हणजे म्हैसूर संस्थानांतला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, जो १९२३ मध्यें सुरू झाला. (हें भद्रावती चंद्रपूरकडचें नव्हे, आपल्याकडे त्या नांवानें दुसरेंच गांव डोळ्यांपुढें येतें.) तेथें लोखंड वितळविण्यास लांकडी कोळसा लागे, म्हणून लांकूड बंद पात्रांत भाजीत, व निघणारा धूर वाया न घालवितां त्यांतून मिथेनॉल, ॲसेटेट व डांबर काढीत. त्याच १९२३ सालीं जर्मनींत बी.ए.एस.एफ. या कंपनीनें लांकडावांचून, नुसत्या वायूंपासून मिथेनॉल करण्याचा कारखाना चालू केला, आणि लांकडाच्या धुराचा हा सगळा व्यापार हळूहळू मोडला. जपान, थायलंड, ब्राझील अशा देशांत मात्र कोळसा पाडणाऱ्यांनीं धुराचा अर्क शेतीस वापरण्याची चाल टिकवून ठेवली, आणि तेथूनच ती आतां आपल्याकडे येत आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. अर्क व 'बायो-ऑइल' या दोन वस्तु एक नव्हेत. भुकटी केलेलें लांकूड पांचशें अंशांच्या आसपास अवघ्या कांहीं सेकंदांत तापवून लगेच निवविलें, तर वजनाच्या शेंकडा सत्तरांपर्यंत पातळ माल निघतो, तें बायो-ऑइल. तें भट्ट्यांत व बॉयलरांत इंधन म्हणून जाळण्यासाठीं आहे. त्यांत अर्क, डांबर व साय सर्व एकत्र मिसळलेलें असतें. असलें तेल पाण्यांत कालवून शेतांत घालणें म्हणजे डांबरच घालणें होय. कोणी तें स्वस्त म्हणून देऊं करील, पण शेतकीसाठीं तें घेऊं नये.

डांबराचें भय खोटें नाहीं. लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें १७७५ सालींच दाखवून दिलें होतें कीं, धुराडीं साफ करणाऱ्या मुलांस मोठेपणीं जो विशिष्ट कर्करोग होतो तो काजळीमुळें होतो. यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनीं १९१५ मध्यें सशांच्या कानांस महिनेच्या महिने कोळशाचें डांबर चोपडून कर्करोग उत्पन्न करून दाखविला. त्या डांबरांतला एक दोषी पदार्थ, बेंझोपायरीन, १९३३ सालीं वेगळा काढण्यांत आला. हे प्रयोग दगडी कोळशाच्या डांबरावरचे खरे, परंतु त्याच जातीचे पदार्थ लांकडाच्या डांबरांतही उतरतात, आणि भट्टी जितकी अधिक तापते तितके ते अधिक होतात. ते पाण्यांत फारसे विरघळत नाहींत. मातीच्या कणांस चिकटून वर्षानुवर्षें राहतात. म्हणूनच जपानच्या उत्पादकांनीं आपल्यापुरता नियम केला आहे कीं, धुराड्याच्या तोंडाशीं धुराची उष्णता ८० ते १५० अंशांच्या दरम्यान असेल तेवढाच धूर अर्कासाठीं धरावा, त्याच्या आधींचा व नंतरचा सोडून द्यावा, आणि अर्क किमान तीन महिने निवळूं द्यावा. चांगल्या अर्कास काळेपणा नसतो, त्यांत कण तरंगत नाहींत, व त्याचा आम्लांक, ज्यास पी.एच. म्हणतात, तीनच्या आसपास येतो. गांवच्या शाळेंतल्या लिटमस कागदानें एवढें समजणार नाहीं, पण पी.एच.चे रंगीत पट्टे तालुक्याच्या ठिकाणीं थोडक्या पैशांत मिळतात. बाटली उजेडापुढें धरून पाहणें तर फुकटच आहे. पलीकडचें बोट दिसत नसेल तर माल परत करावा.

आतां पाण्याकडे वळूं. अर्कांतलें ॲसेटिक आम्ल जमिनींत थोड्याच दिवसांत जीवाणूंकडून खाल्लें जातें. त्याची चिंता फारशी नाहीं. फिनॉलांची गोष्ट वेगळी. भारतीय मानक ब्यूरोनें पिण्याच्या पाण्याचें जें मानक ठरविलें आहे (आय.एस. १०५००), त्यांत फिनॉल जातीचे पदार्थ लिटरमागें ०.००१ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावेत असें म्हटलें आहे. इतकी बारीक मर्यादा मुख्यत्वें वासासाठीं व चवीसाठीं आहे, कारण असल्या पाण्यांत ब्लीचिंग पावडर पडली कीं तें तोंडांत घेववत नाहीं. तरी त्या मर्यादेनें हिशेब करून पाहूं. एक लिटर अर्कांत पांच ग्रॅम फिनॉलें आहेत असें धरा. पांच ग्रॅम म्हणजे पांच हजार मिलिग्रॅम. तीं ०.००१ मिलिग्रॅमच्या मापानें वांटून द्यावयाचीं तर पन्नास लाख लिटर पाणी लागेल. पांच मीटर व्यासाच्या विहिरींत पांच मीटर पाणी असलें तर तें अदमासें एक लाख लिटर भरतें. म्हणजे अर्काची एक लिटरची बाटली विहिरींत उपडी झाली तर तिचें पाणी मानकाच्या पन्नासपट बिघडलें, किंवा उलट बोलावयाचें तर पन्नास विहिरींचें पाणी त्या मर्यादेस जाऊन टेकलें. नाल्यांतले मासे तर याहूनही नाजूक. पंप धुण्याचें काम विहिरीच्या थारोळ्यावर, नाल्याच्या कांठीं किंवा गुरांच्या हौदापाशीं करूं नये, असें जें कृषि खात्याचे लोक रासायनिक औषधांबद्दल सांगतात, तें या झाडाच्या अर्कासही अक्षरशः लागू आहे.

एवढा खर्चाचा रकाना भरल्यावर जमेकडे येऊं, कारण जमेची बाजू कांहीं रिकामी नाहीं.

पहिला व निर्विवाद उपयोग उकिरड्याचा व गोठ्याचा. शेण-मुतापासून जो नाकांत झोंबणारा वायु उठतो तो अमोनिया. त्याच्या रूपानें खतांतला नत्र हवेंत उडून जातो. अमोनिया क्षार व अर्क आम्ल. दोघांची गांठ पडली म्हणजे मीठ बनतें व नत्र खतांतच राहतो. पन्नासपट पाण्यांत मिसळलेला अर्क खताच्या ढिगावर शिंपडला असतां वास कमी होतो तो याच कारणानें, व यांत जादू कांहीं नाहीं. दुसरा उपयोग जमिनीचा. रोपवाटिकेच्या वाफ्यांत पेरणीच्या दोन आठवडे आधीं पातळ अर्क मुरविला तर आम्ल व फिनॉलें यांच्या योगानें कांहीं बुरश्या व सूत्रकृमि दबतात. दोन आठवडे थांबावयाचें तें बियाणें जळूं नये म्हणून. पण हाच अर्क गांडुळांस व उपयोगी जीवाणूंसही सोसत नाहीं, म्हणून ही गोष्ट वाफ्यापुरती ठेवावी, सबंध शेतांत करूं नये.

पानांवर फवारावयाचा अर्क फारच पातळ असावा लागतो; दोनशें ते पांचशेंपट पाणी हें सर्वसाधारण माप आहे. तीनशेंपट धरलें तर पंधरा लिटरच्या पंपास पन्नास मिलिलिटर अर्क झाला. 'थोडा जास्त टाकला तर थोडा जास्त गुण येईल' हा आपल्याकडचा नेहमींचा हिशेब येथें उलटा पडतो. पानांच्या कडा भाजतात. आधीं एका कोपऱ्यांतल्या दहा झाडांवर मारून चार दिवस वाट पाहावी, व मगच पुढें जावें. उन्हांत फवारूं नये.

बीज रुजण्याविषयीं एक मौजेची गोष्ट आहे. आपल्या आज्या-पणज्या बियाण्याचीं कणसें चुलीच्या वर, आढ्यास टांगून धूर देत असत. कीड लागूं नये हा त्यांचा हेतु. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००४ मध्यें असा शोध प्रसिद्ध केला कीं, जळलेल्या वनस्पतींच्या धुरांत एक पदार्थ असतो व तो अत्यल्प प्रमाणांत पुष्कळ रानटी वनस्पतींचें बीं रुजवितो. वणव्यानंतर राख थंड होतांच जंगल हिरवें होतें त्याचें एक कारण तें आहे. या जातीच्या पदार्थांस पुढें कॅरिकिन असें नांव मिळालें. यावरून कोणी असें समजूं नये कीं सरकी अर्कांत भिजवून पेरली कीं काम झालें. अत्यल्प प्रमाणांत जें रुजवितें तेंच अधिक प्रमाणांत कोंब जाळतें, आणि बाटलींत तें किती आहे हें लेबलावर लिहिलेलें नसतें.

राहिली बोंडअळी. एका आठवडी बाजारांत अर्काच्या एका विक्रेत्यानें लोकांस ठांसून सांगितलें कीं, हा मारा आणि गुलाबी बोंडअळी विसरा; शिवाय तो इतका शुद्ध आहे कीं मी पिऊन दाखवितों. त्यानें पिऊन दाखविला नाहीं हें त्याचें दैव. मिथेनॉल काय करतें तें विषारी दारू पिऊन डोळे गमावलेल्यांच्या बातम्या वाचणाऱ्यास ठाऊक आहे. अळीविषयीं म्हणाल तर गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत शिरून बसते व तिचें भोंकही मागून बुजतें. तेथें तीनशेंपट पातळ केलेलें आंबट पाणी बाहेरून उडवून काय होणार? परंतु ज्या पऱ्हाटीपासून अर्क निघतो त्या पऱ्हाटीची भट्टी मात्र बोंडअळीवर खरोखरच उपाय आहे. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीच्या उरल्यासुरल्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत झोंपून राहते. म्हणून डिसेंबर-जानेवारींत कपाशी संपवून पऱ्हाटी शेतांतून काढावी असें कृषि खातें दर वर्षीं सांगतें. पऱ्हाटी वेळेवर उपटून भट्टींत गेली तर तिच्याबरोबर ती अळीही गेली, आणि मागें राहिलेला कोळसा बारीक करून शेणखतांत मुरवून जमिनींत घालण्यासारखा असतो. माझ्या मतें या सगळ्या व्यवहारांत अर्कापेक्षां हा लाभ मोठा आहे, आणि तो बाटलींत भरून विकतां येत नाहीं म्हणूनच कोणी त्याची दवंडी पिटत नाहीं.

मात्र पऱ्हाटीची भट्टी करावी, पण तिचा धूर अर्कासाठीं धरूं नये, असें मी म्हणेन. ज्या पिकावर हंगामांत अनेक वेळां औषध मारलें गेलें त्याचा शेष धुरांत उतरण्याचा संभव राहतो, आणि ज्या विषापासून सुटका पाहिजे तेंच पुन्हां बाटलींत भरून घेण्यांत शहाणपणा नाहीं. अर्कासाठीं बांबू, सुबाभूळ, करवंट्या असा स्वच्छ, वाळलेला माल घ्यावा. रंग दिलेलीं फळ्यादारें, जुने खोके व प्लास्टिकचा कण सुद्धां भट्टींत जाऊं देऊं नये. धूर निवविण्यास लांब बांबूची नळी उत्तम. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा तांब्याची नळी घेतल्यास आम्ल त्या धातूस खातें व धातु अर्कांत येतो. सांठवण कांचेच्या बरणींत करावी.

दुसऱ्या औषधांबरोबर तो मिसळूं नये, हें मी दोनदां लिहिलें असतें तरी चाललें असतें. २०१७ च्या अनर्थांत कालवाकालवीचा केवढा वांटा होता तें वर आलेंच आहे. त्यांतूनही बोर्डो मिश्रणाशीं याची गांठ कधीं घालूं नये. बोर्डोंत मोरचुदाचें तांबें चुन्यानें बांधून ठेवलेलें असतें. अर्काच्या आम्लानें चुना मरतो, तांबें मोकळें सुटतें व पानें करपतात.

खुंट, गाडीचा तळ व कुंपणाचे खांब यांस वाळवी लागूं नये म्हणून खालचें डांबर चोपडण्याची रीत चांगली आहे. तें काम हातमोजे घालून करावें, आणि जेथें गुरें चाटतील अशा गव्हाणीस, किंवा मोटेच्या, पंपाच्या व विहिरीच्या लांकडास तें लावूं नये. फवारतांना हातमोजे, डोळ्यांवर चष्मा व लांब बाह्यांचा सदरा असावा, वाऱ्याकडे पाठ असावी. मजुराकडून काम करवून घेणाऱ्यानें या वस्तु स्वतःच्या पैशानें द्याव्या; रोजांतून कापूं नयेत. अर्क अंगावर सांडल्यास कपडे उतरवून साबण व भरपूर पाण्यानें धुवावें. पोटांत गेल्यास ओकारी काढावयास लावूं नये, कारण असले पदार्थ वर येतांना घसा दुसऱ्यांदा भाजतात; रोग्यास बाटलीसकट ताबडतोब दवाखान्यांत न्यावें.

कायद्याचे दोन शब्द, कारण तो भाग माझ्या जुन्या धंद्याजवळचा आहे. कीड मारतें असें सांगून कोणतीही वस्तु विकावयाची तर १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालीं तिची नोंदणी लागते. वाढीस मदत करतें असें सांगून विकणाऱ्यासाठीं खत नियंत्रण आदेशांत २०२१ सालीं जैव-उत्तेजकांचें निराळें प्रकरण घालण्यांत आलें आहे. बाटलीवर या दोहोंपैकीं एकाही प्रकारचा क्रमांक नसेल तर घेणाऱ्यानें पक्की पावती मागावी. पावती मिळणार नाहीं, व त्यावरून काय समजावयाचें तें समजावें. जपानसारख्या देशानें सुद्धां २००२ मध्यें आपला शेतकी औषधांचा कायदा सुधारल्यानंतर निर्धोक वस्तूंच्या पहिल्या यादींत खाण्याचा सिरका व खाण्याचा सोडा घेतला, आणि लांकडाच्या सिरक्याचा निर्णय राखून ठेवला. कोळशाविषयींही एक गोष्ट आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या व्याख्येंत लांकडी कोळसा हा वनोपज धरला आहे, मग तो जंगलांतून आणलेला असो वा नसो. स्वतःच्या शेतांत मुरविण्यास अडचण नाहीं. परंतु पोतीं भरून गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वीं वनपरिक्षेत्र कार्यालयांत जाऊन वाहतूक परवान्याची चौकशी करावी व जें उत्तर मिळेल तें लेखी घ्यावें.

अर्काच्या बरणीवर ठळक अक्षरांत 'विष' असें लिहावें, आणि वाचतां न येणाऱ्यांसाठीं कवटीचें चित्र काढावें. दारूच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलींत तो कधींही ओतूं नये. रंग चहासारखा असतो, व मुलें रंगास भुलतात. तीन महिन्यांनंतर मधला थर नळीनें अलगद ओढून घ्यावा. वरची साय व खुंटांस लावून उरलेलें डांबर उकिरड्यावर किंवा नाल्यांत न टाकतां भुशांत मुरवून पुढच्या भट्टीच्या बाहेरच्या जाळांत, तो चांगला पेटल्यानंतर, थोडें थोडें जाळून टाकावें, आणि तें जळत असतां वाऱ्याच्या खालच्या अंगास कोणास बसूं देऊं नये.